मुलीला घेऊन पुण्याला जायचे आहे. तिच्या वडिलांना केव्हा आणि कसे कळवावे?

आर्वी तालुक्यातील आई

वर्धा येथील न्यायालयातून आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला असून आठ वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. संमतीच्या अटींप्रमाणे तिचे वडील महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी तिला सकाळी घेऊन जातात व संध्याकाळी आणून सोडतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतील निम्मे दिवस ती त्यांच्या गावी, आजीजवळ राहते. ही व्यवस्था आजवर तक्रारीविना चालली आहे, हे मी आवर्जून सांगते.

मी जीएनएम (परिचारिकेचा अभ्यासक्रम) केले असून पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात मला नोकरी मिळाली आहे. जूनमध्ये रुजू व्हायचे आहे. माझे भाऊ-वहिनी तिकडेच राहतात, त्यामुळे मला रात्रपाळी असली तरी मुलीजवळ घरचे माणूस असेल.

हुकूमनाम्यात याविषयी एकच वाक्य आहे: 'मुलीचे राहण्याचे ठिकाण बदलायचे झाल्यास आईने वडिलांना आगाऊ लेखी कळवावे.' किती दिवस आधी कळवावे, ते लिहिलेले नाही. त्यांची संमती हवी की नको, याचाही उल्लेख नाही. आमच्या मोठ्या बाबांचे म्हणणे असे की, आधी पुण्याला जाऊन मुलीचे नाव शाळेत घालावे आणि मग कळवावे, म्हणजे कोणाला अडवता येणार नाही. मला ते पटत नाही, पण आधी कळवले तर मुलीचे वडील पोटगी थांबवतील किंवा दाखला निघू देणार नाहीत, अशीही भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वकील, यवतमाळ

ताई, हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल समोर ठेवा आणि त्यातील दोन अटी एकत्र वाचा: एक तुम्ही वर दिलेली, दुसरी रविवारच्या भेटीची. पहिल्या अटीत परवानगीचा शब्द नाही, म्हणून नुसत्या शब्दांवर गेले तर वेळेवर लेखी सूचना दिली की ती अट पूर्ण होते. परंतु पुण्यात शाळेत जाणारी मुलगी महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी आर्वी तालुक्यात हजर राहू शकणार नाही, त्यामुळे तुम्ही निघाल्यापासून भेटीची अट आपोआप मोडत राहील, आणि ती अट न्यायालयाच्या आदेशाचा भाग आहे. सूचनापत्र कितीही चांगले लिहिले तरी त्याने आदेश बदलत नाही. म्हणून 'कळवणे' आणि 'भेटीची अट बदलून घेणे' ही दोन वेगळी कामे समजा, आणि दोन्ही निघण्यापूर्वी करा.

दुसऱ्या कामासाठी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६ आहे. घटस्फोटानंतरही त्या कलमाखाली त्याच न्यायालयात अर्ज करून ताब्याच्या व भेटीच्या अटींमध्ये बदल मागता येतो. संमतीने ठरलेल्या अटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. विक्रम वीर व्होरा विरुद्ध शालिनी भल्ला या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताब्याचे आदेश मुलाच्या हितासाठी बदलता येतात, हे स्पष्ट केले, आणि ऑस्ट्रेलियात नोकरी लागलेल्या आईला मुलाला सोबत नेण्याची मुभा कायम ठेवली. तिथेही संमतीनेच घटस्फोट झालेला होता.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० मध्येही कलम २६ आहे आणि त्यानुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला पाल्यास न्यायालयाच्या कार्यक्षेत्राबाहेर हलवण्यासाठी परवानगी लागते. दोन्हीकडे आकडा एकच असल्यामुळे पक्षकारांची गोष्ट सोडा, आमच्यातलेही काही जण एकाचे दुसऱ्याला लावतात. तुमचा ताबा केवळ घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातून आलेला असेल तर हे दुसरे कलम जसेच्या तसे लागू होत नाही; मात्र त्या कायद्याखाली कधी वेगळा अर्ज झाला होता का, ते तपासून घ्या.

वडील राजी असतील तर अर्जासोबत दोघांच्या सहीची संयुक्त पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल करा, त्यात नवी भेटीची व्यवस्था लिहा, आणि त्यावर न्यायालयाचा आदेश घ्या. ते राजी नसतील तर अर्जावर त्यांचे म्हणणे येईल आणि मुलीचे हित कशात आहे, हे न्यायालय पाहील. तिथे नोकरी, शाळा, घरी सांभाळणारे माणूस आणि वडिलांशी नाते टिकवण्याची तुमची योजना, या गोष्टींना वजन असते. 'आधी जा, मग कळवा' या सल्ल्याने हे वजन तुमच्या पारड्यातून निघून जाईल. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते, म्हणून अर्ज त्यापूर्वी पुरेसा आधी पडला पाहिजे. वकिलाच्या फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा.

पोटगीचे म्हणाल तर तुम्ही गाव बदलल्याने ती आपोआप बंद होत नाही. तुम्हीही पत्रात पोटगीचा विषय काढू नका. भेट आणि पोटगी एकाच कागदावर आली की सौद्याचा वास येतो.

पोस्टातून निवृत्त, पुलगाव

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी कागदाचा प्रवास सांगतो. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. त्यामुळे खिडकीवर 'आरपीएडी' (पोहोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र) मागितले तर स्पीड पोस्टच मिळेल. पत्र त्याच माणसाच्या हाती देण्याची नोंदणी आणि पोहोचल्याचा पुरावा या सेवा वेगळ्या सांगून, वेगळे शुल्क भरून घ्याव्या लागतात. पत्ता हुकूमनाम्यात आहे तोच, मुक्काम, पोस्ट, तालुका आणि पिनकोडसह लिहावा. खेड्यात एकाच आडनावाची दहा घरे असतात, म्हणून ज्यांना पत्र पाठवायचे त्यांच्या वडिलांचे नाव वगळू नये. समोरच्याने पत्र नाकारले तर पाकीट 'घेण्यास नकार' अशा शेऱ्याने परत येते. ते फोडू नये, तसेच जपून ठेवावे. योग्य पत्त्यावर नोंदणीने पाठवलेले पत्र पोहोचले असे गृहीत धरण्याची तरतूद जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये आहे. त्याच मजकुराचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवावा, पण पोलीस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या हस्ते पत्र देऊ नये, कारण मग ते पत्र न राहता गावचा विषय होतो.

मजकूर साधारण असा असावा: 'हुकूमनाम्यातील अटीनुसार आपणास कळवण्यात येते की, मला पुणे येथे नोकरी मिळाल्यामुळे जून महिन्यापासून मुलीसह तेथे राहण्याचा माझा विचार आहे. तेथील घराचा पत्ता, शाळेचे नाव आणि माझा फोन क्रमांक खाली दिला आहे. सध्याच्या रविवारच्या भेटीऐवजी मी पुढील व्यवस्था सुचवीत आहे. ती आपणास मान्य असल्यास आपण दोघे मिळून न्यायालयात पुरसिस देऊ. बदल हवा असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' कारणे आणि जुने हिशेब पत्रात लिहू नयेत.

दारव्हा तालुक्यातील बाप

ताई, मी पलीकडच्या बाजूचा आहे. माझा मुलगा त्याच्या आईसोबत नाशिकला गेला, तेव्हा मला ते मुलाच्या तोंडून, रविवारी परत सोडताना कळले. पत्र नंतर आले, आणि ते अगदी नियमाप्रमाणे होते. त्या पत्रात चूक काढता येत नाही, तरी मी आजही ते विसरलेलो नाही. म्हणून पोस्टात पत्र टाकण्यापूर्वी त्यांना स्वतः सांगा, आणि मुलीला सांगण्यापूर्वीही त्यांनाच सांगा; निरोप्या होण्याचे काम मुलीवर येऊ नये.

वकील साहेब, आपण म्हणता ती 'भेटीची व्यवस्था' बहुतेक कागदांवर 'सुटीतील निम्मे दिवस' एवढ्यावरच संपते, आणि भांडण तिथेच सुरू होते. आमच्याकडे उन्हामुळे शाळा पुण्या-नाशिकपेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे कोणत्या शाळेची सुटी मोजायची, यावरून दर वर्षी वाद होतो. पुण्याच्या शाळेचे वेळापत्रक धरून तारखाच लिहा. दुसरे असे की, मुलीचे वडील शेतकरी असतील तर दिवाळीच्या सुमारास कापसाचा वेचा चालू असतो, त्यांना मुलीजवळ बसायला फुरसत नसते, आणि मे महिना मात्र पेरणीपर्यंत बराच मोकळा असतो. दिवाळीचे थोडे दिवस कमी करून मे महिना जवळजवळ पूर्ण त्यांच्याकडे द्यायचे सुचवून पाहा. तान्हा पोळ्याला पुण्यात शाळेला सुटी नसते, पण आमच्या भागातल्या लेकराला आणि त्याच्या आजीला तो दिवस दिवाळीइतकाच असतो. मुलगी लाकडी नंदी घेऊन गावात फिरत असेल तर त्या दिवसाचे नाव कागदावर घ्या. आणि नेण्या-आणण्याचे भाडे कोण भरणार, तेही स्पष्ट लिहा. महाराष्ट्र एक्सप्रेस पुलगावहून थेट पुण्याला जाते, एवढी सोय तरी तुमच्याकडे आहे.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

दाखल्याची भीती बाळगू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार, शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण ताई, दाखला वडिलांना सांगितल्यानंतरच काढा. खेड्यातल्या शाळेत दाखल्याचा अर्ज सकाळी गेला की दुपारपर्यंत साऱ्या गावाला माहीत होते, आणि मग तुमचे पत्र उशिराचे ठरते.

आर्वी तालुक्यातील आई

सर्वांचे आभार. त्यांना या रविवारी मुलीला न्यायला येतील तेव्हा न सांगता, आधीच फोन करून वेगळे भेटायला बोलावीन, म्हणजे मुलगी समोर नसेल. भाऊ, मे महिन्याची सूचना माझ्या मनात आली नव्हती. वेच्याच्या दिवसांत ती तिकडे दिवसभर आजीजवळच असते, हे खरे आहे. एक शंका राहिली: रोजच्या व्हिडिओ कॉलची अट मी स्वतःहून लिहून द्यावी का? माझ्या ड्युटीच्या वेळा बदलत्या असतील आणि एखादा दिवस चुकला तर ते आदेशाचे उल्लंघन ठरेल, असे वाटते.

वकील, यवतमाळ

स्वतःहून लिहून द्या, पण 'रोज' लिहू नका. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन व व्हिडिओ कॉलवरील संपर्काचाही हक्क मानला आहे, त्यामुळे अशी अट आली तर न्यायालयाला त्यात नवल वाटणार नाही. आठवड्यातून तीन ठरावीक वार, संध्याकाळची ठरावीक वेळ, आणि तुम्ही ड्युटीवर असाल तेव्हा वहिनी फोन लावून देतील, असे लिहा. कॉल चुकल्यास दुसऱ्या दिवशी करण्याची मुभाही त्याच वाक्यात ठेवा. दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितलेल्या तारखा आणि तान्हा पोळा पुरसिशीत जसेच्या तसे घाला. मी मसुदा केला असता तर ते माझ्याकडून सुटले असते. भेटायला जाताना पत्राच्या दोन प्रती सोबत न्या. ते राजी झाले तर एका प्रतीवर तारखेसह 'मिळाले' अशी सही घ्या, आणि सही मिळाली तरी दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्ट पाठवाच.