मदत हवी आहे: रोममध्ये आई-बाबांना जेवायला कुठे नेऊ?
मंडळी, मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन रोमला जातोय. दोघंही शाकाहारी, आई तर अंडंही खात नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवालं महागडं काही नको; त्रास्तेवेरे किंवा तेस्ताच्चो भागातलं साधं, घरगुती त्रात्तोरिया (छोटी खानावळ) सुचवाल का?

तिथल्या नावाजलेल्या पास्त्यांपैकी कार्बोनारा आणि अमात्रिचाना बादच, दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस. काचो ए पेपेत नुसतं चीज आणि मिरी, पण त्यातल्या पेकोरिनो रोमानो चीजला कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडून चीज बनवायला वापरतात ते) लागतं. बाबा म्हणतात, "दिसत नाही ना, मग चालेल." आईला नाही चालणार, आणि तिला न सांगता खाऊ घालणं मला पटत नाही. ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं. म्हणजे उरलं काय, तर स्पॅगेटी आल्यो ए ओलिओ (लसूण-मिरचीची, आईला नक्की आवडेल), बिनचीजचा मरिनारा पिझ्झा आणि ज्यू वस्तीतले तळलेले आर्टिचोक (फुलाच्या कळीसारखी एक भाजी). त्यांचा हंगामही तेव्हाच असतो.

चीज घालू नका असं सांगितलं तर वेटर ऐकतात का? आणि बाबांना सातला जेवायची सवय. तिथली स्वयंपाकघरं साडेसातच्या आधी क्वचितच उघडतात म्हणे. तोवर काय खाऊ घालायचं?