अंडाशयाचा कॅन्सर स्टेज ३, केमोनंतर ओलापॅरिब घ्यावं का?

मावशीचं ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल केमोच्या सहा सायकल झाल्या, सीए-१२५ (या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) नॉर्मलला आलंय. आता डॉक्टर म्हणतात ओलापॅरिब (कॅन्सर परत उलटू नये म्हणून द्यायच्या गोळ्या) दोन वर्षं. कॅन्सर दिसत नाही तर गोळ्या कशाला असं घरी चाललंय.

रेवा_पुणे: बीआरसीए टेस्ट (घराण्यातून येऊ शकणारा जनुकातला दोष बघायची) झाली का? सगळं त्यावर आहे बघा. पॉझिटिव्ह असेल तर सोलो-१ ट्रायलमध्ये ७ वर्षांनी ओलापॅरिबवाल्या ६७ टक्के बायका हयात होत्या, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेली गोळी) ४६.५ टक्के, म्हणजे फरक किरकोळ नाही.

प्रश्नकर्ती: हो, बीआरसीए१ पॉझिटिव्ह.

सुमेध: मग घ्याच. माझ्या आईला चालू आहे, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या, मळमळ सुरुवातीला फार, आणि हिमोग्लोबिन घसरतं त्यामुळे दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवायचं नाही. आणि हो, तुमच्या आईनेपण जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या, सख्खी बहीण आहे ना.

nilima७२: अमेरिकेत २०२२ला मिर्वेटुक्सिमॅब हे अंडाशयाच्या कॅन्सरचं औषध आलंय ना, ते नाही का चालणार?

रेवा_पुणे: नाही हो, ते प्लॅटिनम केमोला (कार्बोप्लॅटिनसारख्या) दाद न देणाऱ्या कॅन्सरसाठी, तेही कॅन्सरच्या पेशींवर फोलेट रिसेप्टर हे प्रथिन भरपूर असेल तरच. शिवाय डोळ्यांना त्रास होतो, नजर धूसर होते. मावशींना आत्ता त्याची गरजच नाही.