सोसायटी ऑफिसचा प्रिंटर आणि रिफिल

सेक्रेटरी (बी-३०४): मेंटेनन्सची बिलं आज मिळणार नाहीत. रिफिल केलेली कार्ट्रिज काल रात्रीपर्यंत चालत होती, आज प्रिंटर 'ओरिजिनल कार्ट्रिज टाका' म्हणून अडून बसलाय.

सुलभाताई (ए-१०१): रिफिलवाल्यानेच काहीतरी गडबड केली असणार.

निखिल (सी-६०२): नाही हो ताई. कार्ट्रिजवर चिप असते. ती ओळखीची वाटली नाही की शाई कितीही चांगली असो, प्रिंटर छापत नाही. रात्री वायफायवरून प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं असेल. चालणारी रिफिल अशीच बंद पडते.

देशपांडेकाका (बी-२०१): म्हणजे फ्लॅट माझा, किल्ली बिल्डरकडे!

मनीष (ए-४०३): काका, प्रिंटर स्वस्तात देतात आणि कमाई शाईवर करतात. धंदाच तसा आहे.

देशपांडेकाका: मग प्रिंटरची खरी किंमत लावा ना! घेताना हे कुणी सांगितलं होतं का?

निखिल: इटलीत नेमका हाच मुद्दा निघाला. बाहेरची कार्ट्रिज चालणार नाही हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही, म्हणून २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने एचपी या प्रिंटर कंपनीला १ कोटी युरो दंड केला.

जयाताई (डी-५०४): आज पाणी किती वाजेपर्यंत आहे?

सुलभाताई: पण चिप नसेल तर प्रिंट खराब येत असेल ना?

निखिल: २०२२ मध्ये चिपचा तुटवडा होता, तेव्हा कॅनन या प्रिंटर कंपनीनेच युरोपात बिनचिपचे टोनर (पूड-शाईची कार्ट्रिज) विकले. स्क्रीनवरची सूचना कशी टाळायची तेही स्वतःच सांगितलं. म्हणे छपाईत फरक नाही, टोनर किती उरलाय तेवढं कदाचित कळणार नाही. आता बोला!

ॲड. मेघना (सी-१०३): अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने रिफिलवाल्यावर केलेल्या खटल्यात सांगितलं की माल एकदा विकला की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पण चिप लावू नका असं कोर्ट म्हणालेलं नाही. पेटंटची वाट बंद झाली, सॉफ्टवेअरची उघडीच आहे.

देशपांडेकाका: छान! म्हणजे जिंकूनही रिफिलवाला दारातच उभा.

सेक्रेटरी: या महिन्याची बिलं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतो. निखिल, बाटलीतून शाई भरायच्या इंकटँक प्रिंटरची दोन कोटेशनं आण, कमिटीपुढे ठेवू. आणि अपडेट आपोआप येणं बंद करता येत असेल तर आजच कर. जयाताई, पाणी दुपारी १ पर्यंत.

सुलभाताई: माझं बिल पीडीएफ पाठवलं तरी चालेल. पण आमच्या ह्यांना फाइलला लावायला कागद लागतोच, तेव्हा एक प्रिंटही ठेवा.