भावाच्या गाडीनं इंग्लंडहून फ्रान्सला फेरीतून जायचंय, बुकिंग कसं करू?

फोंडेकर०७:
नमस्कार मंडळी. भाऊ स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला. मे महिन्यात मी, बायको आणि आई-बाबा त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, डोव्हरला गाडी फेरीत घालू, पलीकडे कॅलेला उतरू आणि तीन-चार दिवसांत पॅरिस करून परत. मला फेरी म्हटलं की आपली गोव्यातली रायबंदर-चोडणच आठवते, रांगेत गाडी लावायची आणि नंबर आला की आत घालायची. तिकडे आधी बुक करावं लागतं म्हणे. किती आधी करायचं, गाडीचं काय काय विचारतात? आमचे चौघांचे इंडियन पासपोर्ट, यूकेचा विझा आलाय, तो फ्रान्सला चालतो ना?

दर्यावर्दी:
नाही चालत बाबा!! हे आधी बघ, फेरीचं नंतर. फ्रान्सला शेंगेन विझा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागतो आणि तो भारतातूनच काढून जा, तिकडे फिरायला गेलेल्या माणसाचा अर्ज बहुतेक घेतच नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण इतकं ताणू नकोस. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स पण लागतो. आणखी एक, भाऊ पोर्तुगीज नागरिक म्हणजे युरोपचा नागरिक, आई-बाबा त्याच्यावर अवलंबून आहेत हे कागदोपत्री दाखवता आलं आणि ते त्याच्याबरोबरच प्रवास करणार असतील तर त्यांना विझा फी लागत नाही. तुला आणि वहिनीला मात्र तो फायदा नाही, भावंडं त्या नियमात बसत नाहीत. परत येताना यूकेत पुन्हा शिरायचंय, तेव्हा तो विझा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघून घे.

म्हापसेकरीण:
विझ्याचं वरती आलंच. आता बुकिंग. कंपनीच्या साइटवर थेट करा, पी अँड ओ, डीएफडीएस आणि आयरिश फेरीज तिघेही डोव्हर-कॅले चालवतात, साधारण दीड तास लागतो. सगळी नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाकायची, आणि गाडीचा नंबर, लांबी, उंची. ही उंची लोक अंदाजानं टाकतात! टपावर सामानाचा बॉक्स लावणार असाल तर तो धरून मोजा, मागे सायकल स्टँड असेल तर लांबीत धरा, नाहीतर चेक-इनला जास्तीचे पैसे मागू शकतात. भाडं विमानासारखं वरखाली होतं, वीकेंडला महाग, मंगळवार-बुधवारी पहाटे किंवा रात्री उशिरा स्वस्त. मेमध्ये इंग्लंडात पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, शेवटच्याच्या आठवड्यात बहुतेक शाळांना सुट्टी, फ्रान्समध्ये १ आणि ८ मेला सुट्टी, ते दिवस टाळा म्हणजे निम्मं डोकं शांत. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडतं पण विझा हातात यायच्या आधी बुक करणार असाल तर तेच घ्या, स्वस्तातलं नको.

फोंडेकर०७:
बापरे, विझ्याचं काहीच डोक्यात नव्हतं. थँक्यू दोघांना. आईला बोट लागते तिचं काय करू? आणि मी गाडी चालवू शकतो का?

दर्यावर्दी:
आईसाठी बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची जागा धर, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरला विचारून चढायच्या आधीच द्यायची, उलट्या सुरू झाल्यावर उपयोग नाही. स्वेटर, औषधं, पाणी वर घेऊन जा कारण बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, मधेच गाडीपाशी जाता येत नाही.

अगदीच नको वाटलं तर फोकस्टोनहून समुद्राखालून टनेल आहे, गाडी ट्रेनमध्ये चढवतात आणि पस्तीस मिनिटांत कॅले. तिकीट गाडीवर, माणसांवर नाही, नऊ जणांपर्यंत एकच भाव, म्हणजे तुम्हा पाच जणांना कदाचित तेच परवडेल, दोन्हीकडचे भाव बघ. फक्त गाडी एलपीजीवर चालणारी असेल तर टनेलमध्ये घेत नाहीत.

चालवायचं तर इथल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ने, वर्षभर चालतं. भावाच्या इन्शुरन्समध्ये तुझं नाव घालायला सांग, आणि फ्रान्समध्ये पण कव्हर आहे का ते विचार. गाडीचं लॉगबुक (तिथलं आरसी) ओरिजिनल, मागे यूके अक्षरांचा स्टिकर (जुना जीबीवाला २०२१ पासून चालत नाही), चमकणारं जॅकेट आणि गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण गाडीत हवेत. जॅकेट डिकीत नको, हाताशी.

म्हापसेकरीण:
डोव्हरला दीड-दोन तास आधी पोचा. फ्रेंच पोलिस बोटीत चढायच्या आधी तिथेच पासपोर्ट बघतात, आणि युरोपनं १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू केलीय, त्यात तुमच्या चौघांचा वेळ जाणार. भावाला ते नाही, पण गाडी एकच असल्यामुळे तोही थांबणार ;)

पाववाला:
कुणी ग्रीसला भाड्याची गाडी फेरीत घालणार असेल तर रेंटलवाल्याकडून लेखी परवानगी घ्या, बऱ्याच कंपन्यांचा इन्शुरन्स बोटीवर लागूच होत नाही. तिकडे ड्रायव्हर एकटा गाडी आत घालतो, बाकीचे चालत चढतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा जोरात असला की बोटी सुटत नाहीत, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका. नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये (डोंगरांमधल्या खाड्यांत) मात्र बहुतेक ठिकाणी चोडणसारखंच, रांगेत लावा आणि जा, नंबर प्लेटचा फोटो निघतो, बिल मागाहून येतं.

फोंडेकर०७:
भावाला आत्ताच फोन केला. एलपीजी नाही, पेट्रोल आहे. टनेल आणि फेरी दोन्हीचे भाव काढतोय तो, मी उद्या परमिटसाठी आरटीओत जातो. शेंगेनची अपॉइंटमेंट मिळाली की इथे सांगतो.