अमेरिकेत पोरं सॉकर खेळतात, मोठी झाली की बघत का नाहीत?

एडिसनकर

शनिवारी सकाळी साडेआठला आमच्या गावच्या पार्कात गाडी लावायला जागा मिळत नाही. सॉकरची, म्हणजे आपल्या फुटबॉलची, सहा मैदानं, सहाही भरलेली. कडेला घडीच्या खुर्च्या, डब्यात कापलेली संत्री, दवानं चिंब झालेले बूट, आणि पाच-सहा वर्षांच्या पोरांचा चेंडूभोवती मोहोळ उठावं तसा घोळका. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून बचावाला खेळते. पाच वर्षं झाली, आमचे शनिवार इथेच जातात.

रविवारी दुपारी मात्र हेच सगळे आईबाप जायंट्स नाहीतर ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघांची जर्सी घालून टीव्हीपुढे बसलेले असतात. मागच्या आठवड्यात सहज विचारलं, अमेरिकेच्या सॉकर संघातल्या तीन खेळाडूंची नावं सांगा. सात जणांत एकालाही तिसरं नाव आठवलं नाही. गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं २०२३ च्या अखेरीस लोकांना विचारलं होतं, बघायला सर्वांत आवडणारा खेळ कोणता? ४१ टक्के लोकांनी त्यांचा तो चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल सांगितला, १० टक्क्यांनी बेसबॉल, ९ टक्क्यांनी बास्केटबॉल. सॉकर ५ टक्के.

खेळ रटाळ आहे म्हणून लोक बघत नाहीत, हे मला पटत नाही. माझ्या मते जागा आधीच भरल्या होत्या. इथे न्यू जर्सीत आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर न्यू ब्रुन्सविक आहे. ६ नोव्हेंबर १८६९ ला तिथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला, त्याला अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना म्हणतात. ते मैदान होतं तिथे आता कॉलेजची व्यायामशाळा आहे. पण त्या दिवशीचे नियम बघा. चेंडू उचलून पळायचं नाही, फेकायचा नाही, गोल करायचा. रटगर्स ६-४ नं जिंकलं. म्हणजे जन्मला तेव्हा तो सॉकरचा सख्खा भाऊ होता! मग १८७४ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी कॅनडाच्या मॅकगिलशी रग्बीच्या धर्तीवर खेळले, त्यांना चेंडू हातात घेऊन पळायची गोडी लागली, आणि दोन वर्षांत बाकीची मोठी कॉलेजं त्यांच्यामागे गेली. तिथे पारडं फिरलं. शरद ऋतू फुटबॉलनं घेतला, उन्हाळा बेसबॉलकडे होताच, १८९१ पासून हिवाळा बास्केटबॉलनं भरला. सॉकरनं बसायचं कुठे?

तुम्हाला काय वाटतं?

थेट_बोलतो

इतिहास चांगला सांगितलात, पण साध्या गोष्टीला फार लांबून वळसा घालताय. दीड तास बघायचं आणि शेवटी ०-०. माझे ऑफिसमधले लोक प्रामाणिकपणे विचारतात, की कोणीच जिंकलं नाही तर तुम्ही घरी काय घेऊन जाता? इथल्या माणसाला निकाल लागतो. बरोबरी त्याच्या पचनी पडत नाही.

आणि टीव्ही विसरू नका. पंचेचाळीस मिनिटं सलग खेळ, जाहिरात कुठे घालणार? १९६७ मध्ये सीबीएस चॅनेलनं इथल्या व्यावसायिक सॉकरचं प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा एका रेफ्रीनं नंतर कबूल केलं होतं की जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून तो फाऊल देत होता. ज्या खेळात चॅनेलला पैसा सुटत नाही, तो चॅनेल वाढवेल कशाला? १९९६ मध्ये एमएलएस (मेजर लीग सॉकर, इथली आजची व्यावसायिक लीग) सुरू झाली तेव्हा तिनंही उलटं चालणारं घड्याळ आणि बरोबरी फोडायला शूटआऊट ठेवलं होतं. दुखणं कुठे आहे हे त्यांनाही माहीत होतं.

एडिसनकर

@थेट_बोलतो, ते घड्याळ आणि तो शूटआऊट १९९९ नंतर काढून टाकले आणि लीग त्यानंतरच वाढली, हेही सांगा ना. दहा संघांवरून तीस संघ झाले.

गोल कमी म्हणता, तर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, १४-७ म्हणजे नक्की काय? एका बाजूनं दोनदा रेषा ओलांडली, दुसरीनं एकदा. आपल्या हिशेबात २-१. एका टचडाऊनला किकसकट सात गुण देतात म्हणून आकडा भरल्यासारखा दिसतो, एवढंच. आणि तीन तासांच्या त्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं. कंटाळ्याचाच प्रश्न असता तर तो खेळ आधी बंद पडला असता.

जाहिरातीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी मानतो.

पेठेतला

मी कोल्हापूरचा, अमेरिका टीव्हीवरच बघितलेली. तरी बोलतो.

देश क्रिकेटचा, आणि आमच्या गावात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची फुटबॉल मॅच असली की दुपारपासून रस्त्यानं चालता येत नाही. का? कुणी लीग आणून दिली नाही. तालीम होती, पेठ होती, तालमीच्या पोरांनी फुटबॉल उचलला. आमच्या आज्यानं ज्या संघासाठी भांडण काढलं त्याच संघासाठी आम्ही काढतो. फीचा प्रश्नच नाही. गांधी मैदानात बूट नसलेला पोरगा पण उतरतो आणि चांगला खेळला तर संध्याकाळी तालमीतलं कोणतरी त्याच्या पायात बूट घालतं.

एडिसनकर दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून एकच विचारतो. तुमची मुलगी शनिवारी सोडून कधी खेळते? तुमच्या घरापुढच्या रस्त्यावर पोरं चेंडू खेळतात का?

एडिसनकर

@पेठेतला, नाही खेळत. मंगळवार आणि गुरुवार सराव, शनिवारी सामना, तिन्ही वेळा मी किंवा बायको गाडीनं सोडतो. क्लबची फी, गणवेश, स्पर्धांच्या गावी हॉटेल धरून वर्षाला तीन हजार डॉलरच्या वर जातात. तिच्या संघात एक मुलगी होती, वडील रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी, डावा पाय असा की बघत राहावं. या वर्षी ती दिसली नाही. क्लबला विचारलं तर फी भरायची तारीख गेली म्हणाले. मला ते अजून सलतंय. मी तेव्हाच पुढे होऊन काही करायला हवं होतं.

सुमेध_शिकागो

पेठेतलेंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. गल्ली इथेही आहे, फक्त ती बास्केटबॉलकडे गेली. शिकागोच्या दक्षिण भागात या, दर दोन चौकांआड एक बास्केट लावलेली दिसेल. एक चेंडू पुरतो, एकटा पोरगा असला तरी चालतं, आणि तिथून थेट एनबीए या व्यावसायिक लीगपर्यंतची वाट त्यानं डोळ्यानं बघितलेली असते. सॉकर जगभर गरिबाचा खेळ आहे, इथे तो उपनगरातल्या ऐपतवाल्यांचा झाला. हे उलटं कसं झालं, याचं उत्तर ‘जागा भरल्या होत्या’ एवढ्यानं मिळत नाही.

माझं कारण वेगळं आहे. अमेरिकन माणसाला घरबसल्या जगातलं सर्वोत्तम बघायची सवय आहे. एनबीए, एनएफएल, बेसबॉलची मेजर लीग, त्या त्या खेळात यांच्या वर कुणी नाही. एमएलएसबद्दल असं कोण म्हणेल? मेस्सी २०२३ मध्ये मायामीला आला तो ३६ व्या वर्षी. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीत डॉर्टमुंड क्लबकडे गेला. घरचा हिरा बाहेर पाठवायचा आणि बाहेरचा मावळता सूर्य आणायचा, तर लोक स्थानिक तिकीट का काढतील? माझा पुतण्या शनिवारी सकाळी उठून इंग्लंडच्या आर्सेनलचा सामना बघतो. खेळ आवडतो त्याला, गावचा संघ आवडत नाही.

मंजिरी_शार्लट

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येऊ नये याचं वाईट वाटलं. ‘अमेरिकेत सॉकर चालत नाही’ म्हणताना तुम्ही सगळे फक्त पुरुषांचं सॉकर मोजताय.

१० जुलै १९९९, पासाडेनाचं रोझ बोल, महिला वर्ल्ड कपचा अमेरिका-चीन अंतिम सामना, ९०,१८५ प्रेक्षक. महिलांचा वर्ल्ड कप अमेरिकेनं चार वेळा जिंकलाय: १९९१, १९९९, २०१५, २०१९. २०१५ चा अंतिम सामना एकट्या फॉक्स चॅनेलवर अडीच कोटींहून जास्त लोकांनी बघितला. आणि एडिसनकर, तुमच्या जागा भरण्याच्या मुद्द्याची हीच दुसरी बाजू आहे. १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला, कॉलेजांना मुलींनाही खेळात समान संधी द्यावी लागली. मुलांच्या फुटबॉलला भल्यामोठ्या संघाच्या शिष्यवृत्त्या, मग मुलींकडे तेवढ्या जागा कुठून आणायच्या? सॉकरला खेळाडू बरेच लागतात, खर्च कमी. शेकडो कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहिले. मुलींसाठी जागा रिकामी होती, तिथे सॉकर बसलं, आणि जगात पहिलं आलं.

तुमची लेक लेफ्ट बॅक आहे म्हणालात. तिला राष्ट्रीय संघातली तीन नावं विचारून बघा. माझी खात्री आहे, सांगेल.

जुनी_पानं

एडिसनकरांच्या मांडणीत एक मोठी फट आहे. व्यावसायिक खेळांपुरतं बोलायचं तर शरद ऋतूची जागा १९२० च्या दशकात भरलेली नव्हतीच. एनएफएल स्वतःच १९२० ला जन्मली आणि लहान गावांत धडपडत होती. त्याच वेळी, १९२१ पासून, अमेरिकन सॉकर लीग चालू होती. मॅसॅच्युसेट्समधलं फॉल रिव्हर हे कापड गिरण्यांचं गाव, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला तर पोलाद कारखान्याचाच संघ, आपल्याकडे गिरण्यांचे कबड्डी संघ असायचे तसा. पगार इतका चांगला की स्कॉटलंडचे नावाजलेले खेळाडू बोटीनं येत होते. तुमच्या न्यू जर्सीतलंच कर्नी घ्या, दोऱ्याच्या गिरणीत कामाला आलेल्या स्कॉटिश लोकांनी तिथे जो फुटबॉल रुजवला, त्या परिसरातून पुढे हार्क्स, मिओला आणि रामोस असे तिघे एकाच राष्ट्रीय संघात गेले. पेठेतलेंना हवी तशी पेठ अमेरिकेत होती!

मग बुडालं कशानं? भांडणानं. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटना चषक स्पर्धेवरून एकमेकांच्या उरावर बसल्या. वर्षभर ओढाताण चालली, तोवर महामंदी आली, गिरण्या बंद पडल्या, आणि १९३३ ला लीग संपली. त्याच मातीतला संघ १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपात उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. १९५० ला ब्राझीलमध्ये त्यांनी इंग्लंडला १-० हरवलं, हैतीत जन्मलेल्या गेजेन्सच्या गोलवर. आणि त्यानंतर थेट १९९० पर्यंत पात्रताच मिळाली नाही. चाळीस वर्षं, म्हणजे दोन पिढ्या! टीव्हीनं बाकीच्या खेळांना घरोघर नेलं ते याच चाळीस वर्षांत.

मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग या नव्या लीगमध्ये पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ आला. ऑगस्ट १९७७ मध्ये जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ लोक. (त्याच सप्टेंबरात तो संघ कलकत्त्याला मोहन बागानशी २-२ खेळला. माझे काका ईडन गार्डन्सवर होते, पावसानं चिखल झालेल्या मैदानाचं वर्णन मरेपर्यंत करायचे.) पण त्या लीगनं हावरटासारखे २४ संघ केले, पैसे संपले, १९८४ च्या हंगामानंतर दुकान बंद. खेळ लोकांनी नाकारला नाही. चालवणाऱ्यांनी दोनदा घालवला.

ह्यूस्टनवासी

आणि ‘अमेरिकन’ म्हणजे नक्की कोण, तेही ठरवा. आमच्याकडे मेक्सिकोचा सामना असला की सगळं स्टेडियम त्यांच्या हिरव्या जर्सीत असतं. अमेरिकेत सर्वांत जास्त बघितली जाणारी सॉकर लीग मेक्सिकोची लीगा एमएक्स आहे, एमएलएस नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना फॉक्सवर इंग्रजीत सुमारे १ कोटी ६८ लाख लोकांनी बघितला आणि टेलिमुंडोवर स्पॅनिशमध्ये आणखी सुमारे ९० लाखांनी. ते ९० लाख इथेच राहतात, इथेच कर भरतात. माझ्या शेजारचा माणूस तीस वर्षं इथे छपरं घालतोय आणि दर शनिवारी रात्री त्याच्या गॅरेजमध्ये वीस जण सामना बघतात. सॉकर ‘बाहेरच्यांचा खेळ’ ठरवला गेला ना, तिथेच खरं पाणी मुरतंय.

थेट_बोलतो

@ह्यूस्टनवासी, दोन्ही आकडे मिळवा, २ कोटी ६० लाखांच्या आतच येतात. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, १२ कोटी ३७ लाखांनी बघितला. पाचपट फरक कुणाला वगळल्यानं पडत नाही.

@मंजिरी_शार्लट, तुमचा मुद्दा मान्य, पण मुलींच्या सामन्यांनाही वर्ल्ड कप संपला की ती गर्दी राहत नाही. लोक तेव्हा देश बघतात, खेळ नाही. ती अकरा मिनिटांची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. उद्या ऑफिसात काढणार आहे.

मंजिरी_शार्लट

@थेट_बोलतो, देश म्हणून का होईना, नव्वद हजार लोक नव्वद मिनिटं ०-० बघत बसले होते त्या दिवशी. जादा वेळेतही ०-०, निकाल पेनल्टीवर लागला. तुमच्या पहिल्या प्रतिसादाशी हे कसं जुळतं ते सांगा.

एडिसनकर

@जुनी_पानं, कर्नी माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉलेजच्या फुटबॉलनं शरद ऋतू आणि प्रतिष्ठा आधीच घेतली होती, हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण ‘जागाच नव्हती’ हे मागे घेतो. मिळालेली जागा राखता आली नाही.

@मंजिरी_शार्लट, मुलीला विचारलं. तिनं अकरा नावं सांगितली, कोण कुठे खेळतं त्यासकट.

@पेठेतला, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. काल संध्याकाळी कुठे जायचं नव्हतं, तर मुलीला चेंडू देऊन घरापुढे पाठवलं. शनिवारच्याच दोन खुर्च्या गोलपोस्ट म्हणून ठेवल्या. वीस मिनिटं एकटीच भिंतीवर मारत होती. मग पलीकडच्या रस्त्यावरचा एक मुलगा सायकल आडवी टाकून आला, अंगात मेस्सीचा गुलाबी दहा नंबर. मग त्याचा धाकटा भाऊ. त्यांना इंग्रजी बेताचं, हिला स्पॅनिश शाळेपुरतं. अंधार पडल्यावर हाक मारली तर तिघंही एकदम म्हणाले, अजून एक गोल.

खुर्च्या रात्रभर तिथेच राहिल्या.