ठाण्यात परततोय, सात जणांसाठी सेकंड हँड गाडी कोणती घ्यावी?

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये मुलांच्या शाळा सुटल्या की आम्ही कायमचे ठाण्याला येतोय. आमचा फ्लॅट घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आहे, सासूबाई-सासरे पाचपाखाडीत. मोठी आठ वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा, आणि डिसेंबरमध्ये तिसरं येतंय. सासू-सासरे धरून सात जण. इथे आमच्याकडे टोयोटाची सिएना ही मोठी फॅमिली व्हॅन आहे. सरकते दरवाजे, मधून मागच्या रांगेत जायला वाट, या सगळ्याची फार सवय झालीय.

घराचं इंटिरियर आणि दोघांची शाळेची ॲडमिशन एकदमच आल्यामुळे नवी गाडी परवडणार नाही. नऊ लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. ह्यांच्या मनात इनोव्हा आहे. दिल्लीची डिझेल इनोव्हा स्वस्तात मिळते असं त्यांना एका मित्राने सांगितलं. गणपतीला चिपळूणला जाणं होणारच. जे परत गेलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

*

प्रेषक: ठाणे पश्चिम (पूर्वी एडिसन)

ताई, अभिनंदन, आणि ठाण्यात स्वागत.

मॉडेलचा विचार नंतर करा, आधी पार्किंग मोजा. घोडबंदर रोडच्या बऱ्याच टॉवर्समध्ये स्टॅक पार्किंग, म्हणजे प्लेटवर एकीवर एक गाडी लावायची सोय, असतं आणि त्याला लांबी, उंची, वजन या तिन्हींची मर्यादा असते. तुमची सिएना जवळजवळ ५.१८ मीटर लांब आहे. इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर लांब आणि १७९५ उंच, मारुतीची अर्टिगा ४३९५ लांब आणि १६९० उंच. कागदावर फरक छोटा दिसतो, पण वरच्या प्लेटवर गाडी चढवताना तोच आडवा येतो. सोसायटीच्या ऑफिसातून हे आकडे लेखी मागवा. मानपाड्यात रस्त्यावर गाडी लावायचा विचारसुद्धा करू नका.

दुसरी गोष्ट मधल्या रांगेची. तुमच्या सिएनात मधल्या दोन सीट वेगळ्या आहेत, त्यामुळे मागे जायला वाट राहते. इथल्या बहुतेक सात सीटर गाड्यांत मध्ये सलग बाकडं असतं, आणि मागच्या रांगेत जायचं तर त्याचा एक भाग दुमडून पुढे ढकलावा लागतो. त्यावर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर तो दुमडतच नाही. म्हणून बाळाची सीट ड्रायव्हरच्या मागे, उजवीकडे बांधायची आणि डावी बाजू मोकळी ठेवायची. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो, मुलं त्याच बाजूने चढली-उतरलेली बरी. मोठी मुलगी मागच्या रांगेत जाईल. आजी-आजोबांना तिथे बसवू नका, गुडघे छातीशी येतात.

तीन वर्षांचा आणि तान्हं बाळ, अशा दोन चाइल्ड सीट मधल्या रांगेत लावल्या की तिसरा माणूस तिथे बसणं अवघड. म्हणजे सातही जण एकत्र निघाल्यावर आजी-आजोबा नेमके कुठे बसणार, हे गाडी घेण्याआधी कागदावर मांडून बघा. माझं मत विचाराल तर सगळे एकत्र निघण्याचे दिवस वर्षात थोडे असतात. रोजच्या पाच जणांसाठी गाडी घ्या, चिपळूणला आजी-आजोबांना रेल्वेचं तिकीट काढून द्या. त्यांनाही ते सुखाचं पडेल.

या सगळ्याचा विचार करून मी अर्टिगाच सांगेन. २०१८ च्या शेवटी आलेली दुसऱ्या पिढीची, १.५ पेट्रोल. तुमच्या बजेटमध्ये बसते, मधल्या रांगेत आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट अडकवायच्या दांड्या) आहे, मागच्यांसाठी छतातून एसी आहे, आणि सुटे भाग गल्लीबोळात मिळतात. सातही सीट उभ्या असताना डिकी २०९ लिटरची, म्हणजे फार सामान मावत नाही. त्यामुळे सीएनजी घेऊ नका, सिलिंडर तीही जागा खातो. शिवाय सीएनजी अर्टिगा टॅक्सीसाठी फार चालते. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर करून विकायला आलेली असू शकते, म्हणून आरसीवर आधीची नोंद कशी होती ते बघाच.

दिल्लीच्या इनोव्हाचं ह्यांना समजावून सांगा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं येत गेली, म्हणून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात निघतात. इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, मग नवा नंबर. स्वस्ताई त्यातच विरते. इनोव्हा ही उत्तम गाडी आहे, तिच्या इंजिनाबद्दल मला शंका नाही. पण नऊ लाखांत क्रिस्टा मिळालीच तर ती भरपूर पळालेली असेल. मानपाडा ते पाचपाखाडी एवढ्या रोजच्या फेऱ्यांसाठी डिझेलचा काही फायदाही नाही.

*

प्रेषक: नेरुळ, नवी मुंबई

ठाण्याच्या काकांचं बाकी सगळं पटलं, अर्टिगाचं पटलं नाही.

ताई, पोटात बाळ असताना आणि दोन लहान मुलं असताना मी सुरक्षेकडे आधी बघेन. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या, गाडी आदळून बघायच्या सुरक्षा चाचणीत महिंद्रा मराझोला २०१८ मध्ये चार स्टार मिळाले, अर्टिगाला २०१९ मध्ये तीन. आमच्याकडे मराझो आहे. ती ४५८५ मिलिमीटर लांब, म्हणजे क्रिस्टापेक्षा आखूड, आणि रुंद असल्यामुळे मधल्या रांगेत ऐसपैस बसता येतं. कशेडी घाटातून आणि आता बोगद्यातून आम्ही कोकणात जातो, भरलेली गाडीसुद्धा डगमगत नाही. तिची विक्री कमी झाली म्हणून सेकंड हँड बाजारात भाव पडलेला असतो, आणि घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. काका म्हणतील सुटे भाग. इंजिनाचे, ब्रेकचे भाग आम्हाला मिळतात. काचा आणि बॉडीचे भाग मागवावे लागतात आणि थांबावं लागतं, हे खरं आहे.

रेनॉ ट्रायबरही कुणीतरी सुचवेल. तिलाही २०२१ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले आणि लांबी चार मीटरच्या आत. पण एक लिटरचं इंजिन सात जणांना घेऊन घाट चढताना दमतं, आणि तिन्ही रांगा लावल्या की डिकी फक्त ८४ लिटर. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला, तेव्हा जुन्या ट्रायबरचा भाव नव्या गाडीच्या किमतीशी ताडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

गाडी कुठलीही घ्या, पुराच्या पाण्यात बुडालेली नाही ना, हे तेवढं नीट बघा. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीचा खळगा, सीटखालचे रूळ, कार्पेटच्या खालचा पत्रा, सगळं बघा. नवं कोरं कार्पेट आणि सुवासिक स्प्रे असला की मला आधी शंका येते.

*

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी

काका, ताई, किती मनापासून लिहिलंत. ह्यांनी दोन्ही मेल वाचले आणि दिल्लीचा विषय सोडला.

सोसायटीकडून आकडे आले. आमचं पार्किंग खालच्या प्लेटवर आहे आणि उंचीची मर्यादा १७५० मिलिमीटर आहे. म्हणजे क्रिस्टा बसतच नाही, आणि मराझोची उंची १७७४ निघाली. ताई, मला खरंच वाईट वाटलं, कारण चार स्टारचं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. अर्टिगाच घ्यायची तर मुलांच्या सीट आम्ही इथूनच चांगल्या घेऊन येतो.

दिरांनी वाशीची एक अर्टिगा शोधलीय. २०१९ ची, पेट्रोल, फर्स्ट ओनर, एमएच ४३ पासिंग. आरसीवर बँकेचं कर्ज दिसतंय, मालक म्हणतात फिटलंय. आता काय काय बघायचं?

*

प्रेषक: ठाणे पश्चिम (पूर्वी एडिसन)

कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरून बँकेचं नाव निघाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. मालकाने बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ द्यायचा असतो. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी महाराष्ट्रातलीच आहे, त्यामुळे टॅक्स पुन्हा लागत नाही आणि नंबर एमएच ४३ च राहतो. थकलेली ई-चलानं ऑनलाइन दिसतात, ती मालकाकडून भरून घ्या.

इन्शुरन्सचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. गाडी तुमच्या नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नसतो. तो तुम्हाला मिळणार नाही, तेवढे पैसे जास्त धरा.

मुलांच्या सीट आणाल तर आयसोफिक्सच्या दांड्यांत त्या घट्ट बसतात का आणि मागचा वरचा पट्टा कुठे अडकतो, हे इथे लावून बघायला हवं. म्हणून एक सीट दिरांकडे आधीच कुणाबरोबर तरी पाठवून द्या.

मी माझ्या मेकॅनिकला घेऊन दिरांबरोबर वाशीला येतो. मारुतीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर जुनी सर्व्हिस हिस्ट्री तेवढी काढून ठेवायला सांगा, किलोमीटर जुळतात का ते बघू. आणि मालकांना निरोप द्या की त्या दिवशी आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट ऐकायचा आहे.