वस्तऱ्याच्या दगडातली शीर धार खाते, काय करावं?

सांगलीत असतो. धार लावायचा दगड बेल्जियमचा कोटिक्यूल (तिथला नैसर्गिक दगड), 150 × 40 मिमी, खाली स्लेटचा थर. टोकापासून 30 मिमीवर आडवी काळपट शीर आहे, नख अडकतं. वस्तरा तिथून गेला की कर्र वाजतं आणि भिंगातून धारेवर बारीक खाच दिसते.

काचेवर 220, मग 400 चा वॉटरपेपर लावून दगड घासला. पेन्सिलच्या रेघा सगळीकडे सारख्याच पुसल्या जातात, म्हणजे सपाटी ठीक. कडाही गोल केल्यात. शिरेतला टणक कण सुईने कोरला. गाळावर (दगडाची भुकटी मिसळलेल्या पाण्यावर) धार लावताना आता त्रास नाही, साध्या पाण्यावर मात्र खाच पडतेच. फरशीवाले कापून देतील, पण इतका चांगला दगड तोडायचा नाही.

शिरेत पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) भरून पुन्हा घासू, की तिच्या काठांना किंचित उतार देऊ? भरलेला गोंद पुढे धारेला लागतो का?